'मरॉडर' आणि 'भामटा'

इंग्रजीत 'मरॉडर' असा एक शब्द आहे. टोळीने हिंडत गावे लुटणारा, जाळपोळ करणारा, तो मरॉडर. आपण त्याचे भाषांतर 'लुटारू' असे करून मोकळे होतो. पण 'लुटारू' या शब्दात नुसते कृत्य आहे. 'मरॉडर'मध्ये एक माणूस दडलेला आहे. तो कोण, हे विचारल्याशिवाय शब्दाचा खरा अर्थ हाती लागत नाही.

इंग्रजीने हा शब्द 17व्या शतकाच्या अखेरीस फ्रेंचमधून उचलला. फ्रेंचमध्ये 'मारो' म्हणजे भणंग, भटक्या, हलकट. म्हणजे आधी माणूस हलका ठरला आणि मग त्याच्या नावावरून गुन्ह्याला नाव मिळाले! युरोपातील तीस वर्षांच्या युद्धात (1618–1648) मेरोड नावाच्या सेनानीचे सैनिक बेशिस्त होते, त्यांच्यावरून हा शब्द आला, अशीही एक कथा सांगतात. ती खरी नव्हे; फ्रेंच शब्द त्या युद्धाहून जुना आहे. तरी ही खोटी व्युत्पत्तीही बोलकी आहे. त्या युद्धात लहानपणीच सापडलेल्या ग्रिमेल्सहाउझेनने आपल्या 'सिम्प्लिसिसिमस' या कादंबरीत हे 'मेरोडबंधू' रंगवले आहेत. कोण होते हे? आजारी पडलेले, घोडा गमावलेले, फौजेच्या मागे रेंगाळत पोटासाठी चोरणारे शिपाई. त्याच युद्धात सेनापती वालेनश्टाइन तलवारीच्या धाकावर शहरांकडून पैसा वसूल करी. त्या वसुलीचे नाव मात्र 'कॉन्ट्रिब्यूशन', म्हणजे चक्क वर्गणी! 1631 साली सम्राटाच्या फौजेने माग्देबुर्ग उद्ध्वस्त केले, सुमारे 20,000 माणसे मेली. त्या फौजेचा सेनापती टिली. इतिहास त्याला मरॉडर म्हणत नाही, काउंट म्हणतो.

आपल्याकडे इंग्रजांनी हाच न्याय चालवला. पेशवाई बुडवताना कंपनीच्या फौजेने जे लुटले, ते 'प्राइझ मनी' ठरले आणि त्याच्या वाटणीचा वाद वर्षानुवर्षे लंडनमध्ये चालला. त्याच राज्यकर्त्यांनी 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि आईच्या पोटातले मूलही चोर ठरवले. सोलापूरच्या सेटलमेंटभोवती काटेरी तारा होत्या. हा कायदा 1952 साली रद्द झाला. शब्द कोणी रद्द केले?

सगळा दोष इंग्रजांच्या माथी मारून आपली सुटका नाही. मराठीने तर उलट्या दिशेने तेच केले आहे. तिकडे माणसाचे नाव कृत्याला चिकटले, इकडे कृत्याचे नाव अख्ख्या जमातीला. वस्तू उचलणारा तो उचल्या, आणि उचल्या हीच जात. लक्ष्मण गायकवाड यांनी 1987 साली तोच शब्द आपल्या आत्मकथनाच्या माथ्यावर लावला, तेव्हा काही पांढरपेशा वाचकांना तो बोचला. रोजच्या बोलण्यात बोचत नव्हता!

'भामटा' हा शब्द तर प्रस्तुत लेखकानेच वर्गात कित्येकदा वापरला आहे. एकदा 'मरॉडर'चा अर्थ सांगताना फळ्यावर 'लुटारू, भामटा' असे लिहिले. तास संपल्यावर मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी जवळ आला आणि हळूच म्हणाला, "सर, तो दुसरा शब्द आमच्या जातीच्या दाखल्यावर आहे." मी डस्टर घेऊन तो शब्द पुसला. पोरगा तोवर निघून गेला होता.