अशोक कोणता?

अशोकाचें झाड दाखवा, असें नाशिकांतील कोणत्याही सुशिक्षित गृहस्थांस म्हणून पाहावें. ते आपणांस बहुधा खिडकीपाशीं नेतील आणि कुंपणालगत ओळीनें उभीं असलेलीं, लांब पानांचीं, सरळसोट झाडें दाखवितील. तें झाड अशोक नव्हे. जाणते त्यास आसुपालव किंवा खोटा अशोक म्हणतात. त्याचें हिरवट फूल तर कोणाच्या नजरेंतही भरत नाहीं. कवींचा अशोक म्हणजे मध्यम उंचीचा, दाट सावलीचा वृक्ष. त्याच्या फांद्यांवर, कधीं प्रत्यक्ष जुन्या खोडावरही, केशरी-तांबड्या फुलांचे झुबके येतात. आपण त्यास सीताअशोक म्हणतों.

गेल्या फाल्गुनांत मुंबईस गेलों असतां भायखळ्याच्या उद्यानांत हा वृक्ष फुललेला पाहिला, आणि रामकथा ऐकतांना इतकीं वर्षें आपण सीतेला कोणत्या झाडाखालीं बसवीत होतों, हें ध्यानांत येऊन ओशाळलों. त्या सरळ झाडाखालीं सावलीसुद्धां धड पडत नाहीं! स्त्रीच्या पदाघातानें अशोक फुलतो, हा कविसंकेत आम्हीं कॉलेजांत घोकला होता. 'मालविकाग्निमित्रां'तील तो प्रवेश परीक्षेस नेमलेला होता; टीपा होत्या, अलंकार होते, दोहदाची व्याख्या होती. झाड मात्र कोणीं दाखविलें नाहीं, आणि तें पाहावें असें आमच्याही मनांत आलें नाहीं. झाड पाहिल्याविना केलेल्या अशा रसग्रहणाला काय म्हणावें?

हें उद्यान १८६२ सालीं लोकांस खुलें झालें. व्हिक्टोरिया राणीच्या नांवाचें लोकांनीं आपल्यापुरतें 'राणीची बाग' असें भाषांतर करून टाकलें. पुढें वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान हें नांव मिळालें, तरी टॅक्सीवाल्यास राणीची बागच कळते. तेथें जाणारांपैकीं बहुतेक जनावरें पाहावयास जातात. २०१७ पासून तर पेंग्विन आहेत, आणि आमच्याबरोबरच्या मुलांनीं आमचा पहिला तास त्या पक्ष्यांस अर्पण केला. असो. झाडें मात्र तेथें तीन हजारांहून अधिक मोजलीं गेलीं आहेत, आणि त्यांच्या जाती पावणेतीनशेंच्या वर आहेत. पंचवटी एक्सप्रेसनें सकाळीं जाऊन संध्याकाळीं परतणाऱ्या नाशिककरास एका दिवसांत इतका मोठा कोश दुसरीकडे चाळावयास मिळणार नाहीं.

कोश हा शब्द आम्हीं मुद्दाम वापरला आहे. परदेशचें झाड आपल्या दारीं आलें म्हणजे मराठी माणूस त्याला काय म्हणतो, हें पाहूं लागलों कीं आपल्या भाषेची प्रतिभा कोठें जागी असते आणि कोठें डुलकी घेते, हें कळूं लागतें. गोरखचिंच घ्या. झाड आफ्रिकेचें, खोड एखाद्या कोठीसारखें, फळाचा गर आंबट, म्हणून 'चिंच'. पण 'गोरख'? गोरक्षनाथांचे शिष्य गहिनीनाथ, आणि त्यांनीं ब्रह्मगिरीवर निवृत्तिनाथांस उपदेश केला अशी परंपरा. त्र्यंबकेश्वरच्या वाऱ्या पाहिलेल्या आम्हां नाशिककरांस त्या पानें गळालेल्या, जटाधारी आफ्रिकन वृक्षापुढें क्षणभर घरीं आल्यासारखें वाटलें. कैलासपतीची गोष्टही तशीच. दक्षिण अमेरिकेचा हा वृक्ष. त्याचीं फळें पाहून इंग्रजास तोफेचे गोळे आठवले, तर आपल्या माणसानें फुलांत डोकावून पाहिलें आणि त्यास फणा धरलेल्या नागाखालीं शिवलिंग दिसलें.

आणि उर्वशी! ब्रह्मदेशांतून आलेल्या या वृक्षास शास्त्रज्ञांनीं लॉर्ड ॲम्हर्स्ट या गव्हर्नर-जनरलच्या पत्नीचें आणि मुलीचें नांव दिलें. मराठींत मात्र तिची उर्वशी झाली. फुलांचे लाल, पिवळ्या ठिपक्यांचे घोस खालीं लोंबत असतात. 'विक्रमोर्वशीयां'त उर्वशीची वेल होते, हें नांव ठेवणाराच्या मनांत असेल काय? असो वा नसो, नांव एखाद्या चांगल्या उपमेइतकें नेमकें आहे.

याउलट 'विलायती चिंच' हें नांव निव्वळ आळसाचें. तें झाड मेक्सिकोकडचें. विलायतेचा त्याच्याशीं कांहीं संबंध नाहीं. 'पर्जन्यवृक्ष' हें तर इंग्रजी नांवाचें सरळ भाषांतर. त्यांत पाऊसही नाहीं आणि वृक्षही दिसत नाहीं.

आमची तक्रार आहे ती आमच्या लेखकांविषयीं. ज्या भाषेनें उर्वशी हें नांव घडविलें, तिच्या कथा-कवितांतून आज 'कसलेंसें झाड' आणि 'अनाम फूल' यांचा सुळसुळाट झाला आहे. दुर्गा भागवतांच्या 'ऋतुचक्रा'स (१९५६) आपण अपवाद म्हणून मान देतों आणि अपवादच राहूं देतों. वाल्मीकींच्या अरण्यकांडांत पंचवटीचें वर्णन आहे. त्यांत साल, ताल, तमाल, पनस, अशोक, चंपक, खदिर, शमी, किंशुक अशी वृक्षांची मालिकाच येते. यांपैकीं साल गोदाकांठचा नव्हे, हें खरें. पण कवीनें कोठें पाहून लिहिलें आणि कोठें संकेतानें, हें ठरवावयासही टीकाकारास खैर, शमी आणि साल वेगळे ओळखतां आले पाहिजेत. आज सीतागुंफेजवळच्या वडांवर आंकडे आहेत: एक, दोन, तीन, चार, पांच. यात्रेकरू ते मोजतात आणि पुढें जातात.

२००७ च्या सुमारास राणीच्या बागेंतील प्राणिसंग्रहालय नव्यानें उभारण्याची मोठी योजना पुढें आली, तेव्हां झाडांस धक्का लागेल म्हणून कांहीं मुंबईकर नागरिक उठले. त्यांच्या हातीं झाडांची नांवनिशीवार माहिती होती. 'कसलेंसें झाड' वांचवावयास कोण उठलें असतें?

नाशिकास परत आल्यावर शेजारच्या गृहस्थांस आम्हीं मोठ्या उत्साहानें सांगितलें कीं, आपल्या कुंपणालगतचा अशोक हा अशोक नव्हे. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, "मग आतां फाटकावरच्या पाटीचें काय करावयाचें?" सोसायटीच्या फाटकावर त्याच झाडाचें नांव कोरलेलें आहे.