सीसीडीची जादू आणि एकलहऱ्याची वाफ

सध्या इन्स्टाग्रामवर जुन्या ‘डिजिकॅम’ची लाट आहे. कॉलेजच्या फेस्टमध्ये, मित्राच्या हळदीत, गोव्याच्या ट्रिपवर कोणीतरी मुद्दाम पंधरा वर्षं जुना कॅमेरा बाहेर काढतं, थेट तोंडावर फ्लॅश मारतं आणि फोटोखाली लिहितं : ‘सीसीडीची जादू’. मला या जादूबद्दल दाट शंका आहे. कॅमेऱ्याबद्दल मात्र नाही.

माझ्यासमोर आहे कॅननचा पॉवरशॉट ए४९०. २०१० सालचा, स्वस्तातला. त्या वर्षी जगभरात १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. तो या धंद्याचा कळस होता. पुढे फोनने सगळं गिळलं. एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या कॉलनीत त्या काळात असे कॅमेरे घरोघर आले. रोलचा कॅमेरा बंद पडलेला आणि चांगल्या कॅमेऱ्याचा फोन अजून आलेला नाही, अशी ती मधली चार-पाच वर्षं. त्या वर्षांतली गॅदरिंगं, गणपती, मागे दिसणाऱ्या चिमण्या, सगळं याच डब्यांमधून साठलं आहे. तेव्हा या कॅमेऱ्याला नेमकं काय दिसत होतं, हा प्रश्न रीलपुरता नाही.

आधी उणिवा. १० मेगापिक्सेल, ३.३ पट झूम, दोन पेन्सिल सेल. हात हलला तर सावरणारी ऑप्टिकल सोय नाही. झूम पूर्ण ओढला की भिंगाचं तोंड एफ/३.० वरून एफ/५.८ वर जातं, म्हणजे प्रकाश जवळजवळ चौथाई. संध्याकाळी झूम करून चिमणी टिपायला गेलात तर ती हललेलीच येणार. फ्लॅश एकदा मारला की पुन्हा भरेपर्यंत समोरचं पोर पोझ सोडून पळून जातं. मागचा स्क्रीन इतका ढोबळ, की फोटो हलला आहे हे घरी कॉम्प्युटरवरच कळतं.

खरी परीक्षा दुपारची. कूलिंग टॉवरमधून निघते ती वाफ आणि चिमणीतून निघतो तो धूर, हे इथल्या शाळकरी मुलालाही माहीत असतं. ए४९०ला नाही. उन्हाळ्यातल्या फिकट आभाळापुढे तो दोन्हींचा एकच पांढरा डाग करतो, आणि कॅमेरा फक्त जेपेग साठवत असल्यामुळे जळालेला पांढरा नंतर परत मिळत नाही. फोन तिथे जिंकतो. तो क्षणार्धात अनेक फ्रेम घेऊन जोडतो, वाफेच्या कडा सोडवतो. पण हलत्या वाफेच्या अनेक फ्रेम जोडल्या की कधीकधी ती कापसासारखी गुळगुळीत होते. स्वस्त कॅमेऱ्याचा डाग निदान एकाच क्षणाचा असतो.

रात्री आणखी गंमत. केंद्राच्या दिव्यांकडे कॅमेरा धरला की स्क्रीनवर दिव्यातून वर-खाली एक उभी रेघ निघते. हा सीसीडीचा जुना रोग : एका ठिपक्यावर अति प्रकाश पडला की विद्युतभार वाहून नेताना तो त्याच रांगेत सांडतो. शटर दाबलं की यांत्रिक पडदा मिटतो, म्हणून फोटोत ती रेघ येत नाही, व्हिडिओत राहते. आता लोक हीच रेघ फिल्टर म्हणून लावतात!

मग जादू कशात? माझ्या मते सेन्सरमध्ये फारशी नाही. सीसीडी असो वा सीमॉस, दोघेही प्रकाशच मोजतात. रंग ठरतो वरच्या रंगजाळीने आणि आतल्या सॉफ्टवेअरने. आपल्याला आवडतो तो थेट फ्लॅश, एकच एक्स्पोजर आणि त्वचेला इस्त्री न करणारं सॉफ्टवेअर. एक गोष्ट मात्र खरोखर भारी : मॅक्रोत हा कॅमेरा वस्तूच्या १ सेंटिमीटरपर्यंत जातो. राखेच्या विटेवर धरून पाहा. कण न् कण दिसतो. स्वस्त फोनमधला २ मेगापिक्सेलचा मॅक्रो यापुढे खेळणं आहे.

इंजिनिअर असल्याने एक सांगायचा मोह आवरत नाही. सीएचडीके नावाचं फुकट सॉफ्टवेअर कार्डावर टाकलं की हाच कॅमेरा रॉ फाइल देतो, लुआमध्ये लिहिलेल्या स्क्रिप्ट चालवतो, दर दहा सेकंदांनी आपोआप फोटो काढतो. मूळ फर्मवेअरला हात लागत नाही. टॉवरच्या वाफेचा टाइमलॅप्स करायला यापेक्षा स्वस्त साधन मला तरी सापडलेलं नाही.

इथले १ आणि २ क्रमांकाचे जुने संच बंद झाले. उरलेले २१० मेगावॉटचे तीन संच १९७९ ते १९८१ या काळातले, म्हणजे तेही म्हातारेच. या गावाचं जुनं रूप कोणी शोधायला निघालं तर अशा फोटोंवरच भिस्त असेल. ए४९०च्या फोटोची बारा बाय नऊ इंचांची स्वच्छ प्रिंट निघते, तेवढं पुरे. तारखेवर मात्र डोळे झाकून विश्वास नको : सेल काढून कॅमेरा महिनोन्महिने पडून राहिला की घड्याळ पुसलं जातं, आणि घाईत कोणीही काहीही तारीख टाकतं. फाइलचा क्रमांक त्यापेक्षा भरवशाचा.

ट्रेंडपायी फुगलेल्या किमतीला हा विकत घेऊ नका. घरच्या कपाटात शोधा. रिमोटचे साधे सेल घातलेत तर कॅमेरा चालू होताच मान टाकेल. रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड सेल घाला. आणि आतलं कार्ड फॉरमॅट करण्याआधी त्यात काय आहे ते कॉपी करून घ्या.