लोणासुराचा गुन्हा कोणता?

बुलढाणा जिल्ह्यातले लोणार नाव सांगते दैत्याचे आणि पूजा करते त्याला मारणाऱ्याची. मी तिथे गेलो तो ही दंतकथा एक साहित्यकृती म्हणून वाचण्यासाठी.

कथा अशी. लोणासुर मुलूख उद्ध्वस्त करी, देवांना आव्हान देई. तो जमिनीखाली गुहेत राही. विष्णूने देखण्या तरुणाचे रूप घेतले, दैत्याच्या दोन बहिणींना मोहवले आणि त्यांच्याकडून ठावठिकाणा काढला. मग पायाच्या अंगठ्याने गुहेचे झाकण उडवून झोपलेल्या दैत्याला ठार केले. तळ्याचे पाणी म्हणजे त्याचे रक्त, खार म्हणजे त्याचे मांस. गावातल्या दैत्यसूदन मंदिरातला देव दैत्याच्या अंगावर उभा आहे.

मूर्तीसमोर मला प्रश्न पडला : याचा गुन्हा नेमका कोणता? कुणाचे शेत गेले, कोण मेले, हे सांगणारा एकही साक्षीदार कथेत नाही. आरोप आहे, शिक्षा आहे, चौकशी नाही. कपटाचे वर्णन मात्र तपशीलवार आहे, आणि त्याला पराक्रम म्हटले आहे. ज्यांच्या विश्वासावर तो पराक्रम उभा राहिला त्या बहिणींचे पुढे काय झाले, हे मी ऐकलेल्या कथेत नव्हते.

विज्ञानाने प्रश्न मिटवला, असे काही मित्र म्हणतात. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर अशनीच्या आघाताने झाले, हे खरेच. पण खड्डा अशनीचा असला तरी कथा माणसांनीच रचली.

दुसरे मित्र लगेच लोणासुराला आपला पूर्वज करतात. तेही मला पटत नाही. बाबासाहेबांनी १९४६ साली ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ या ग्रंथात आर्यवंशाचा सिद्धान्त नाकारला; आपण पुन्हा रक्ताचे नाते कशाला शोधायचे? जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त अवतारकथा उलट्या बाजूने वाचल्या. त्यातले मला मोलाचे वाटते ते हे, की त्यांनी मारणाऱ्याची साक्ष जशीच्या तशी मान्य केली नाही.

लोणासुर मला ओळखीचा वाटतो तो तेवढ्यापुरता. गावात गुरे दगावली की विष घातल्याचा आळ महारवाड्यावर येई. मार आधी बसे. चौकशी होतच नसे. ज्याच्यावर आळ त्याचे म्हणणे कुठल्याही पोथीत उतरले नाही.

‘आईन-ए-अकबरी’त लोणारची नोंद आहे : साबण आणि काच करायला लागणारे पदार्थ येथे मिळतात. म्हणजे कथा खरी मानली तर दैत्याच्याच मांसाने देवभक्तांची वस्त्रे स्वच्छ होत होती. अपवित्र ठरवलेल्याच्या देहावर आपले पावित्र्य टिकवायचे, हा व्यवहार आपल्याला नवा नाही.

म्हणून आपल्या लेखकांकडे माझी मागणी लहान आहे. लोणासुराचे देऊळ नको, जयजयकारही नको. त्या दोन बहिणींना बोलते करा. खटला तिथून पुन्हा सुरू होईल.