ध्वनिमुद्रण हीच संहिता : जॅझ-रसिकांच्या शिफारशींचे समीक्षामूल्य

प्रास्ताविक

साहित्याचा वाचक दुसऱ्या वाचकाला ग्रंथाचे नाव सांगतो. त्याची नेमकी कोणती प्रत वाचावी, हे तो सहसा सांगत नाही. पाश्चात्त्य अभिजात संगीताचा श्रोता प्रथम रचनाकाराचे नाव घेतो आणि मग वादकाकडे वळतो. जॅझच्या रसिकाची रीत मात्र निराळी आहे. ‘बॉडी अँड सोल’ ऐका, एवढे सांगून त्याचे समाधान होत नाही. कोलमन हॉकिन्सने ११ ऑक्टोबर १९३९ रोजी न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित केलेले ‘बॉडी अँड सोल’ ऐका, असे तो सांगतो. त्याच्या शिफारशीत धून, वादक, दिनांक, कंपनी आणि प्रसंगी त्या दिवशीचा कितवा प्रयत्न, एवढा तपशील असतो. परक्याला हा छंदिष्टपणा वाटणे स्वाभाविक आहे. परंतु या तपशिलाच्या मुळाशी जॅझच्या कलास्वरूपाचे एक निश्चित भान आहे. रसिकांच्या परस्पर शिफारशीला समीक्षेचा दर्जा कधी प्राप्त होतो आणि ती कोठे अपुरी पडते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

धून आणि वादन

‘बॉडी अँड सोल’ ही जॉनी ग्रीनची १९३० सालची धून. हॉकिन्स टेनर सॅक्सोफोनवर तिची सुमारे दोन आवर्तने वाजवतो, आणि त्यांपैकी मूळ धून ओळखू येते ती आरंभीच्या काही मात्रांपुरतीच. पुढे उरतो तो तिच्या स्वरसंवादांचा सांगाडा. त्यावर जे उभे राहते ते त्या क्षणी घडलेले असते. अशा वेळी ‘कृती’ कशाला म्हणावयाचे? ग्रीनने कागदावर लिहिलेली धून ही कृती नव्हे, ते केवळ निमित्त होय. कृती त्या तबकडीवर आहे, अन्यत्र नाही. म्हणूनच ध्वनिमुद्रण ही जॅझची संहिता ठरते.

मराठी वाचकाला हा विचार अपरिचित वाटू नये. एकच बंदिश दोन गायकांच्या गळ्यांतून दोन निराळ्या वस्तू होतात, हा ख्यालश्रवणाचा नित्याचा अनुभव आहे. फरक आहे तो परंपरेच्या वहनात. ख्यालाची विद्या प्रामुख्याने गुरुमुखातून आली, तबकडी हा तिचा दुय्यम आधार होता. जॅझमध्ये मैफलीतील सहवासाइतकेच तबकडीने शिकवले. चार्ली पार्करसारख्या वादकाने तरुणपणी लेस्टर यंगचे वादन ध्वनिमुद्रिकांवरून आत्मसात केले. ‘ही तबकडी ऐक’ हे सांगणे तेथे रसास्वादाचे तसेच शिक्षणाचेही वाक्य होते.

तबकड्यांपासून इतिहासापर्यंत

जॅझची पहिली ध्वनिमुद्रिका म्हणून ओरिजिनल डिक्सीलँड जॅझ बँडच्या १९१७ च्या तबकडीचा निर्देश केला जातो. त्यानंतरच्या दोन दशकांत या संगीताची व्यवस्थित नोंद ठेवण्याचे कार्य विद्यापीठांनी केले नाही. ते केले रसिकांनी. पॅरिसमध्ये १९३२ साली हॉट क्लब द फ्रान्सची स्थापना झाली. त्याच्याशी निगडित असलेल्या शार्ल दलोने याने १९३६ मध्ये ‘हॉट डिस्कोग्राफी’ प्रसिद्ध केली. कोणत्या तबकडीवर कोण वाजवत आहे, हे या सूचीने प्रथमच पद्धतशीरपणे मांडले. त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या ४२ व्या रस्त्यावरील कमोडोर या दुकानाचा चालक मिल्ट गॅब्लर बाजारातून नाहीशा झालेल्या तबकड्या पुन्हा काढू लागला, आणि त्यांच्या लेबलवर केवळ पथकप्रमुखाचे नाव न देता सर्व वादकांची नावे छापू लागला. गॅब्लरची ही कृती वरवर क्षुल्लक भासते. परंतु ज्याला नाव नाही त्याची शिफारस करता येत नाही. लेबलवरील त्या चार ओळींनी मागच्या रांगेतील वादकाला इतिहासात जागा दिली.

तथापि रसिकांची ही विद्या तबकड्यांच्या उपलब्धतेने बांधलेली होती, आणि याचे उत्तम उदाहरण ऊग पानासिए या फ्रेंच समीक्षकात सापडते. १९३४ च्या आपल्या ग्रंथात त्याने गौरवर्णीय वादकांना फार मोठे स्थान दिले होते. आपला जॅझशी प्रथम परिचय त्यांच्याद्वारे झाल्याने तो निवाडा चुकला, हे त्याने पुढे १९४२ च्या ग्रंथात मान्य केले. समीक्षकाने स्वतःचा निवाडा इतक्या स्पष्टपणे मागे घेतल्याची उदाहरणे थोडी आहेत. याच पानासिएने नंतर बीबॉपला जॅझ मानण्याचे नाकारले आणि १९४७ मध्ये त्याचा व दलोनेचा मार्ग वेगळा झाला, ही गोष्ट मात्र त्याच्या प्रांजळपणाची मर्यादा दाखविते.

‘काइंड ऑफ ब्लू’ : शिफारशीचा रूढ नमुना

नवख्याला प्रथम काय ऐकवावे, या प्रश्नावर आज बहुसंख्य रसिक माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’चे नाव घेतात. २ मार्च व २२ एप्रिल १९५९ या दोन दिवशी न्यूयॉर्कच्या कोलंबिया स्टुडिओत हे ध्वनिमुद्रण झाले. त्याच्या थोरवीविषयी वाद नाही. आक्षेप आहे तो शिफारशीच्या रीतीवर. ‘हे ऐकलेच पाहिजे’ या वाक्याने श्रोत्याच्या हाती काहीच पडत नाही; पुष्कळदा तो या संथ, शांत वादनाला पार्श्वसंगीत समजून ऐकतो आणि जॅझ समजला अशा समाधानात राहतो.

याउलट जाणता रसिक ‘सो व्हॉट’ ऐकविताना बोट ठेवून दाखवितो. येथे धून मांडतो तो पॉल चेंबर्सचा बास, आणि इतर वाद्ये त्याला दोन स्वरसंवादांनी उत्तर देतात. पुढे डेव्हिस मोजक्या स्वरांत वाजवतो व मधली जागा रिकामी सोडतो; त्याच्यामागून आलेला जॉन कोल्ट्रेन तीच जागा स्वरांच्या दाटीने भरून काढतो. सोळा मात्रागटांपर्यंत एकच स्वरसप्तक, मग आठ गट अर्ध्या स्वराने वर, आणि पुन्हा आठ गट मूळ जागी, असा तिचा आराखडा आहे. ते सप्तक काफी थाटाशी जुळते, हे सांगितल्यास महाराष्ट्रातील श्रोत्याला धागा मिळतो. अर्थात थाट जुळला म्हणजे राग झाला नव्हे, ही पुस्ती जोडणे आवश्यक. अशी शिफारस म्हणजेच समीक्षा होय. तिने निर्णय दिलेला नसतो, कान कोठे लावावा ते दाखविलेले असते.

या ध्वनिमुद्रिकेची एक हकीकत येथे नमूद करण्याजोगी आहे. पहिल्या बैठकीच्या वेळी एक ध्वनिमुद्रण यंत्र किंचित मंद गतीने चालत होते. परिणामी पहिल्या बाजूवरील तिन्ही वादने तबकडीवर मूळपेक्षा थोडी चढी ऐकू येत असत. १९९० च्या दशकातील पुनर्मुद्रणांत हा दोष दूर झाला. म्हणजे तीन दशकांहून अधिक काळ रसिक ज्या संहितेची एकमेकांस ग्वाही देत होते, ती संहिताच किंचित भ्रष्ट होती. पाठचिकित्सेचे महत्त्व जाणणाऱ्या साहित्याच्या अभ्यासकाला याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण.

शिफारशीची नैतिक बाजू

पार्करचे ‘लव्हर मॅन’ हे ध्वनिमुद्रण रसिकांमध्ये दीर्घकाळ वादाचा विषय झाले आहे. २९ जुलै १९४६ रोजी लॉस एंजेलिसमध्ये ते झाले, तेव्हा पार्करची शारीरिक व मानसिक अवस्था इतकी ढासळली होती की त्याला नीट उभे राहणेही अवघड होते. त्याच रात्री त्याला ताब्यात घेण्यात आले व पुढे कॅमरिलो येथील मनोरुग्णालयात त्याची रवानगी झाली. डायल कंपनीने ती तबकडी प्रसिद्ध केली. पार्करला त्याचा राग होता. काहींना त्या तुटक वादनात विलक्षण आर्तता जाणवते. पण येथे श्रोता आर्तता ऐकतो की आजार? हॉकिन्सच्या तबकडीत वादकाची निवड ऐकू येते, येथे निवडीची शक्तीच हरवलेली आहे. कलावंताने नाकारलेली संहिता उत्तम म्हणून पुढे करताना रसिकाने ही हकीकत सोबत सांगितलीच पाहिजे. ती लपविणारी शिफारस अप्रामाणिक ठरते.

दुसऱ्या टोकाला डीन बेनेडेटी आहे. या चाहत्याने १९४७–४८ मध्ये पार्करची प्रत्यक्ष वादने टिपली, पण बहुधा पार्करचे एकलवादन संपताच यंत्र बंद केले. १९९० मध्ये हा संग्रह प्रसिद्ध झाला, तेव्हा अभ्यासकांच्या हाती अमूल्य सामग्री आली हे खरे. मात्र सहवादक त्यातून कापले गेले होते. आवडीने केलेली निवड ऐकण्याआधीच इतिहास छाटू शकते, हे यातून प्रत्ययास येते.

जे मुद्रित झाले नाही

न्यू ऑर्लिन्सच्या बडी बोल्डनची थोरवी समकालीनांच्या आठवणींत आहे, परंतु त्याच्या वादनाचे एकही ध्वनिमुद्रण हाती लागलेले नाही. ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकेतील वादक संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला. काही मोठ्या कंपन्यांपुरता तो १९४४ च्या अखेरीपर्यंत टिकला. नेमक्या त्याच काळात बीबॉप आकार घेत होते. त्यामुळे तबकड्यांवरून ऐकणाऱ्याला १९४५ चे पार्करचे ‘को-को’ आकाशातून पडल्यासारखे वाटते. शिफारशींच्या याद्यांमध्ये ही पोकळी दिसत नाही, कारण यादीला फक्त असलेल्या वस्तू मोजता येतात.

मुंबईचा संबंध येतो तो याच ठिकाणी. १९३० च्या दशकापासून ताजमहाल हॉटेलात जॅझ वाजत होता, आणि चिक चॉकलेट या नावाने गाजलेले आंतोनियो शाव्हियेर वाझ, फ्रँक फर्नांड यांसारखे गोमंतकीय वादक त्या वातावरणात नावारूपाला आले. १९७८ मध्ये मुंबईत पहिली जॅझ यात्रा भरली तेव्हा सॉनी रॉलिन्स येथे वाजवून गेला, याची नोंद रसिक आवर्जून करतात. परंतु त्याआधीच्या पिढीतील गोमंतकीय वादकांचे बरेचसे वादन चित्रपटगीतांच्या तबकड्यांवर आहे, आणि त्या तबकड्यांच्या लेबलवर गायकाचे व संगीतकाराचे नाव असे, वादकांचे नसे. एखाद्या गीताच्या मध्यावर आठ-दहा सेकंद ट्रम्पेट उसळून येतो. श्रोता थबकतो, दुसऱ्यालाही ऐकवितो, आणि कोणाचे वादन आहे असे विचारले असता त्याला गीताचेच नाव सांगावे लागते.