अकबरीचे वेगळे घर

उर्दू माध्यमाच्या शाळेतून गेलेल्या मुलीला अकबरी आणि असगरी कोण, हे सांगावे लागत नाही. डेप्युटी नजीर अहमद यांनी १८६९ साली ‘मिरातुल उरूस’ लिहिली, ती स्वतःच्या मुलींना वाचायला धड पुस्तक नव्हते म्हणून. सरकारने तिला एक हजार रुपयांचे इनाम दिले, आणि तेव्हापासून आपल्या घरांतल्या मुलींची नोंद दोनच खात्यांत होऊ लागली. सुघड ती असगरी, फूहड ती अकबरी. चंद्रपूर-बल्लारपूरकडच्या ज्या आजीने पुस्तक कधी हातात धरले नाही, तिच्याही तोंडी ही दोन नावे आम्ही ऐकली आहेत.

मराठी कादंबरीचा जन्मही बाईच्या लग्नापाशीच झाला. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ ची, विधवांच्या हालांविषयीची. बारा वर्षांच्या अंतराने आलेली ही दोन्ही पुस्तके आपापल्या भाषेतली पहिली कादंबरी म्हणून मानली जातात आणि दोन्ही उपदेशासाठी लिहिलेली आहेत. पण एक फरक आहे व तो आम्हांला फार मोठा वाटतो. पदमनजींच्या पुस्तकात दोष रूढीचा आहे. नजीर अहमदांच्या पुस्तकात दोष मुलीचा आहे. पुढे ह. ना. आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’मधल्या यमूने स्वतःची कहाणी स्वतः सांगितली आणि वाचकाला तिच्या बाजूला उभे राहावे लागले. अकबरीला अशी संधी कुणी दिली नाही. तिची कहाणी तिच्या विरोधी पक्षाच्या वकिलाने सांगितलेली आहे.

अकबरीचा गुन्हा तरी काय होता? आजीच्या लाडाने ती बिघडली, जीभ तिखट, कामाचा कंटाळा, हे सगळे कबूल. पण कादंबरीत ज्या मागणीवरून तिचा खटला उभा राहतो ती मागणी एकच आहे. तिला सासूपासून वेगळे घर हवे आहे. नवरा आकिल शेवटी वेगळे घर करतो. मग एक ढोंगी हज्जन येते, गोड बोलून अकबरीचे दागिने घेऊन पसार होते, आणि वाचकाने समजायचे की वेगळे घर मागणाऱ्या सुनेचे हे असे होते. वेगळे राहणे का वाईट, याचे उत्तर नजीर अहमद देत नाहीत. ते त्या घरात चोर पाठवतात. चोरी हा युक्तिवाद होऊ शकत नाही. नववीच्या वर्गात एका मुलीने आम्हांला विचारले होते की चोरी हज्जनने केली, मग बोलणी अकबरीला का? आमच्या मते ‘मिरातुल उरूस’वरची ही चांगली समीक्षा आहे.

असगरीला कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. घरातल्या लबाड मामा अजमतचे हिशेब ती पकडते, नवऱ्याला मार्गाला लावते, घरातच मुलींचा मकतब चालवते. १८६९ साली लिहिता-वाचता येणारी, शिकवणारी नायिका उभी करणे ही साधी गोष्ट नव्हती, आणि आमच्यासारख्या शिक्षकी पेशातल्या माणसाला असगरीविषयी आपुलकी वाटणारच. पण तिची सारी अक्कल सासरच्या खात्यावर जमा होते. तिला स्वतःला काय आवडते, कशाचा राग येतो, हे कादंबरी संपेपर्यंत कळत नाही. मुलगी स्वतःसाठी काही मागत नाही तोवरच तिचे कौतुक, ही अट त्या इनामाला चिकटलेली आहे.

आणखी एक गोष्ट सहसा कुणाच्या नजरेला येत नाही. अकबरी बदनाम होते त्याचे एक कारण तिच्या मैत्रिणी. भटियाऱ्याची मुलगी, कल्हईवाल्याची मुलगी, भाजीवाल्याची मुलगी. शरीफ घरच्या सुनेने अशा पोरींशी बोलू नये, म्हणून तंटा. आता आमच्या शाळांतले हजेरीपत्रक उघडा. बल्लारपूरच्या कागद गिरणीत ठेक्यावर असलेल्याची मुलगी, कोळसा खाणीवर ट्रक चालवणाऱ्याची, शिंप्याची, मटणवाल्याची, तेंदूपत्त्याच्या हंगामात मे महिन्यात जंगलातल्या फडावर मुन्शी म्हणून जाणाऱ्याची. अकबरी-असगरीचा धडा ज्यांना आम्ही शिकवतो त्या मुली त्या गोष्टीत अकबरीही नाहीत आणि असगरीही नाहीत. त्या दाराबाहेर हाकललेल्या मैत्रिणी आहेत.

त्या मैत्रिणींना आत आणले ते अमरावतीत जन्मलेल्या वाजिदा तबस्सुम (१९३५–२०११) यांनी. आपल्या विदर्भाला या नावाची आठवण राहिलेली नाही, हे नमूद करून पुढे जातो. त्यांचे शिक्षण हैदराबादचे, भाषा दखनी. वर्धा नदीपलीकडचा राजुरा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि १९५९ साली चांदा जिल्ह्यात आला. तिकडच्या घरांत ‘हौ’ आणि ‘नक्को’ आजही ऐकू येते. म्हणून वाजिदांची पात्रे आम्हांला शेजारची वाटतात. त्यांच्या ‘उतरन’ कथेतली चमकी ही दाईची मुलगी. तिच्या आईचे दूध पिऊन नवाबाची मुलगी वाढली, आणि चमकी त्या शहजादी पाशाचे जुने कपडे घालून वाढली. लग्नाच्या वेळी चमकी होणाऱ्या नवरदेवालाच आधी आपला करते, आणि मग पाशाला ऐकवते की आता जन्मभर तू माझे उतरलेले वापरशील.

या कथेवर अश्लीलतेचा शिक्का मारणारे अजून भेटतात. आमची तक्रार वेगळी आहे. चमकीत इज्जतीची भूक आहे, राग आहे, बुद्धी आहे. उर्दू कथेत इतकी जिवंत मोलकरीण आम्हांला क्वचितच भेटली. पण तिच्या हातात हत्यार कोणते येते? पुरुषच. शहजादीला हरवायचे तर तिचा नवरा उतरन करायचा, म्हणजे खेळ त्याच हवेलीचा आणि नियमही तिथलेच. बंड केलेली बाईसुद्धा लग्नाच्याच मापाने मोजली जाते. इस्मत चुगताईंच्या ‘टेढी लकीर’मधली शमन निदान त्या मापाबाहेर पाय टाकते, शिकते, नोकरी करते, चुका करते आणि त्या चुका तिच्या स्वतःच्या असतात.

मराठीत हे काम विभावरी शिरूरकरांनी केले. टोपणनावाआड राहून मालतीबाई बेडेकरांनी १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ छापले. त्यातल्या एका कथेचे नावच ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ असे आहे. मिळवती मुलगी, तिच्या पगारावर चाललेले माहेर, लांबत गेलेले लग्न. अकबरीने सासरी मागितलेले वेगळे घर इथे माहेरी मागितले जाते, आणि या वेळी लेखिका त्या घरात चोर पाठवत नाही. आज आमच्याकडे डी.एड. होऊन नोकरीला लागलेल्या किती मुलींची हीच कथा आहे! ती उर्दूतही नाही आणि आपल्या मराठीतही कुणी फारशी लिहिलेली नाही.

इथेच आमचे मुख्य भांडण आहे, आणि ते घरातले भांडण आहे. मुस्लिम लेखकांच्या मराठी कथेत बाई येते ती बहुधा तलाकचा कागद हातात घेऊन. शाहबानो निकालानंतर (१९८५), १९८६ च्या कायद्यानंतर आणि पुन्हा २०१७ च्या शायराबानो निकालानंतर अशा कथांना पूर आला. दुःख खरे आहे, ते लिहायलाच हवे. पण या कथांतल्या रेहाना, शबाना, सकीना एकमेकींच्या जागी ठेवल्या तर काय बिघडेल? काही नाही. तिला शिवण आवडते की गणित, नवरा आवडत होता की नव्हता, शेजारणीचा तिला हेवा वाटतो का, हे लेखकाला विचारावेसेच वाटलेले नसते. वाचक हळहळतो, मोठ्या शहरातले संपादक धीट कथा म्हणून पाठ थोपटतात. नजीर अहमदांनी बाईला सुघड आणि फूहड अशा दोन खात्यांत घातले होते. आपण तिसरे खाते उघडले, पीडित. दया दाखवणे आणि व्यक्ती म्हणून ओळखणे या निराळ्या गोष्टी आहेत. मेहरुन्निसा दलवाईंचे ‘मी भरून पावले आहे’ कथा नाही, आत्मकथन आहे, तरी कथाकारांनी ते शिकवणी म्हणून वाचावे. उर्दूत वाढलेली बाई, हमीदभाईंशी १९५६ साली आधी निकाह, मग महिन्याभराने नोंदणी विवाह, खादी कमिशनची नोकरी, तिच्या पगारावर चाललेले घर. चळवळीत ती आहेच, पण ती रागावते, थकते, हट्ट करते. असे पात्र आपल्या कथेत कधी येणार?

काही समीक्षक यावर तोड म्हणून जंगलाकडे बोट दाखवतात. आदिवासी बाई मुक्त, तिला जोडीदार निवडता येतो, वगैरे. गडचिरोलीत दोन दिवस राहून गेलेला माणूस असे लिहू शकतो. जोडीदार निवडण्याची मोकळीक तिथे आहे हे खरे, आणि पाळीच्या दिवसांत गावाबाहेरचे कुर्माघरही तिथेच आहे. माडिया बाईला आपल्या कथेतला आरसा बनवू नये, तिलाही तिचे नाव हवे.

खरे तर आपल्याला नमुना शोधायला कुठे जायचे कारण नाही. बरीराची हकीकत हदीसमध्ये आहे. गुलामीतून सुटल्यावर तिने नवरा मुगीस याच्याबरोबर राहायचे नाकारले. तो रडत तिच्यामागे फिरे. पैगंबर साहेबांनी (स.) तिची समजूत घातली, तेव्हा तिने विचारले की हा हुकूम आहे की शिफारस. शिफारस आहे, असे कळल्यावर तिने नकार कायम ठेवला, आणि तो मानला गेला. मुगीसचे अश्रू खरे आहेत, लोकांचे डोळे लागलेले आहेत, आणि बाई आपल्या जागेवरून हलत नाही. कथेला याहून जास्त काय लागते? पण आमच्या वर्गातल्या कित्येक मुलींना बरीराचे नाव माहीत नव्हते. असगरी सगळ्यांना माहीत होती.

निकाहाच्या वेळी वकील आणि दोन गवाह इज्न घ्यायला बायकांच्या खोलीत येतात. कथांतून हा प्रसंग अर्ध्या ओळीत उरकतो, मग बिदाई, मग रडणे. त्या खोलीत मामी कोपराने ढोसते आहे, खाला कानाशी ‘हूं बोल’ म्हणते आहे, बाहेर देग उतरली आहे, आणि एका मुलीला आयुष्यात पहिल्यांदा तिची मर्जी विचारली जाते आहे. पुढच्या अंकासाठी कुणी कथा पाठवणार असेल तर ती या खोलीतून सुरू व्हावी. आणि ती मुलगी कल्हईवाल्याची असावी.