फावल्या वेळेची कला: व्हिडिओ गेमची सद्यःस्थिती आणि सातारा-सांगलीचा खेळाडू

व्हिडिओ गेमची समीक्षा बहुधा महागडा संगणक, मोकळी संध्याकाळ आणि एकाच खेळाला महिनाभर देण्याची तयारी असलेल्या माणसाला समोर ठेवून लिहिली जाते. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतला बहुसंख्य खेळाडू मात्र असा नाही. तो एसटीच्या प्रवासात, दुकानात गिऱ्हाईक नसताना किंवा उसाला पाणी सोडून बांधावर टेकलेला असताना मोबाइलवर खेळतो, आणि हाती असलेली दहा-पंधरा मिनिटे संपली की फोन खिशात टाकतो. अशा खेळाडूला कॅज्युअल गेमर म्हणतात. या कलेची आजची अवस्था त्याच्या बाजूने जोखणे अधिक न्याय्य आहे, कारण या उद्योगाची बरीचशी रचना आता त्याच्याच फावल्या वेळेवर डोळा ठेवून होते.

जुन्या खेळांचा एक गुण आज प्रकर्षाने जाणवतो, तो म्हणजे ते संपत असत. १९९० च्या दशकात टीव्हीला जोडायच्या स्वस्त यंत्रांवर कॅसेट घालून खेळले जाणारे ‘मारिओ’ आणि ‘कॉन्ट्रा’ असोत, किंवा १९९७ मध्ये नोकियाच्या फोनवर आलेला साप असो, खेळाडू एक तर जिंकत असे किंवा मरत असे. सापाच्या खेळात तर जितके यश मिळेल तितकी शेपटी लांबते आणि तीच अखेरीस आडवी येते. इतका नेटका आणि प्रामाणिक नियम नंतरच्या फार थोड्या खेळांना साधला. २०१२ च्या ‘कँडी क्रश सागा’पासून हे गणित बदलले. तेथे पाच ‘जीव’ मिळतात, गेलेला प्रत्येक जीव अर्ध्या तासाने परत येतो, आणि ज्याला तेवढा धीर नसेल त्याने पैसे मोजावेत अशी सोय असते. फुकट खेळायला देऊन आतील वस्तू विकण्याच्या या पद्धतीत खेळाची अवघड जागा कोठे यावी हे कलेपेक्षा दुकानदारीच्या हिशेबाने ठरू लागते. ‘कँडी क्रश’ची बांधणी कसबी आहे, यात वाद नाही, आक्षेप आहे तो त्या कसबाच्या धन्याविषयी. त्यामानाने नवी मुंबईच्या गेमेशन या कंपनीचा २०१६ मधला ‘लुडो किंग’ निरुपद्रवी वाटतो. २०२० च्या टाळेबंदीत त्याने घराघरांत पट मांडला खरा, परंतु पटावरच्या खेळात त्याने नवे असे काही घातले नाही.

जिओमुळे २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि २०१८ मध्ये ‘पब्जी मोबाइल’ आला, तेव्हा बॅटल रॉयल हा प्रकार गावोगाव पोहोचला. शंभर खेळाडू एका बेटावर उतरतात, शस्त्रे शोधतात आणि शेवटी उरेल तो जिंकतो, असे त्याचे स्वरूप असून सुरक्षित वर्तुळ सतत आकसत जाणे हा त्याचा प्राण आहे. लपून बसलेल्यालाही हलावे लागेल आणि कोणतेही दोन डाव सारखे होणार नाहीत, ही तजवीज नाट्यदृष्ट्या उत्तम म्हटली पाहिजे. ‘फ्री फायर’ने हाच प्रकार पन्नास खेळाडू आणि दहाएक मिनिटे एवढ्यात बसवून हलक्या फोनवर आणला. सप्टेंबर २०२० मध्ये ‘पब्जी मोबाइल’वर आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘फ्री फायर’वर केंद्र सरकारने बंदी घातली, या निर्णयांचे कारण सुरक्षेचे होते, रसिकतेचे नव्हते. पुण्याच्या सुपरगेमिंगने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणलेल्या ‘इंडस’मध्ये भारतीय धाटणीचे भविष्यकालीन बेट आहे, आणि कॉस्मियम नावाचा ऐवज ताब्यात घेऊनही जिंकता येते, एवढी एक नवी कल्पना आहे, बाकी सांगाडा परकाच राहिला.

न संपणाऱ्या खेळांच्या वेळ खाण्याच्या वृत्तीवर सांगली जिल्ह्यातच एक अनपेक्षित टीका झाली. कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव येथे ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला, आणि साडेआठला तो पुन्हा वाजेपर्यंत टीव्ही व मोबाइल बंद ठेवायचे असे गावाने ठरवले. हा उपाय केवळ खेळांविरुद्ध नव्हता, तरी जो खेळ स्वतः थांबत नाही त्याला बाहेरून थांबवावे लागते, एवढे त्यातून स्पष्ट होते.

मोठ्या पडद्यावरच्या खेळांत हा प्रदेश कसा दिसतो, हेही पाहण्यासारखे आहे. क्रिएटिव्ह असेंब्ली या ब्रिटिश कंपनीच्या ‘एम्पायर: टोटल वॉर’ (२००९) या युद्धनीतीच्या खेळात मराठ्यांची सत्ता निवडून खेळता येते आणि आरंभ १७०० सालापासून होतो. त्याच वर्षी मार्चमध्ये राजाराम महाराजांचे निधन झाले, एप्रिलमध्ये साताऱ्याचा किल्ला औरंगजेबाच्या हाती पडला आणि ताराबाईंनी राज्याची सूत्रे हाती घेतली. राजधानी गेली तरी लढा चालू ठेवणाऱ्या सत्तेचे हे वर्ष. पण खेळाचा नियम असा की राज्य म्हणजे नकाशावरचे प्रांत, त्यांचा कर आणि मोकळ्या मैदानात ओळीने उभे राहणारे बंदूकधारी. प्रांत गेले की सत्ता संपली, हे गृहीतक युरोपातील राजांना लागू पडत असेल. रसद तोडून, दमवून आणि किल्ले गमावून पुन्हा घेत लढणाऱ्यांना ते लागू पडत नाही. खेळातले कोट तर सगळीकडे युरोपीय पद्धतीचे, तारकेच्या आकाराचे. साताऱ्याच्या अजिंक्यताऱ्यासारख्या डोंगरी किल्ल्याला तेथे जागाच नाही. चूक पोशाखाची असती तर ती क्षम्य होती, येथे ती नियमातच आहे.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ (२०२०) या पार्श्वभूमीवर महत्त्वाचा ठरतो. असुरांनी पळवलेल्या भावाच्या शोधात निघालेली राजी, दुर्गा आणि विष्णूकडून मिळणारी आयुधे, राजस्थानी वास्तूंचे आणि पहाडी चित्रशैलीचे संस्कार, छायाबाहुल्यांतून उलगडणारी कथा, आणि काही तासांत संपणारा डाव, हे सारे सुखद आहे. लढाईच्या हालचाली जागोजागी ताठर वाटतात आणि शेवट अर्धवट तोडल्यासारखा आहे, हे दोषही नाकारता येत नाहीत. मात्र पुराणकथेचा आधार घेतल्याबद्दल त्याला नावे ठेवणाऱ्यांनी सांगलीचाच इतिहास आठवावा. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने ‘सीता स्वयंवर’ हे नाटक सादर केले तेव्हा नव्या कलेने जुन्याच कथेचा हात धरला होता, आणि फाळक्यांनीही १९१३ मध्ये चित्रपटासाठी हरिश्चंद्राचीच निवड केली. सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘शारदा’, म्हणजे वृद्धाशी लग्न लावल्या जाणाऱ्या मुलीचे पुराणाबाहेरचे नाटक, रंगभूमीवर यायला मात्र १८९९ साल उजाडावे लागले. मराठी खेळनिर्मिती अद्याप भाव्यांच्या टप्प्यावर आहे, इतकेच म्हणता येईल.

इतरत्र तो टप्पा ओलांडला गेला आहे. लुकास पोप यांच्या ‘पेपर्स, प्लीज’मध्ये (२०१३) खेळाडू सीमेवरचा कारकून असतो, किती माणसांचे कागद बरोबर तपासले यावर त्याची मजुरी अवलंबून असते आणि त्या मजुरीत घर भागत नाही, त्यामुळे अन्याय कोणी सांगावा लागत नाही, तो हिशेबातून अंगावर येतो. टोरांटोच्या विसाई गेम्सचा ‘वेनबा’ (२०२३) कॅनडात गेलेल्या तमिळ कुटुंबाची गोष्ट आईच्या स्वयंपाकातून सांगतो आणि दोनेक तासांत संपतो, म्हणजे फावल्या वेळेच्या खेळाडूलाही तो परवडतो. सातारा-सांगलीत असा विषय शोधायला लांब जावे लागणार नाही. हंगामापूर्वी मुकादमाकडून घेतलेली उचल, नवरा-बायको मिळून धरला जाणारा एक कोयता, टनावर ठरणारी मजुरी, पालावर मागे राहिलेले मूल आणि हंगामाअखेर न फिटलेली बाकी पुढच्या वर्षाच्या खात्यावर चढणे: ऊसतोडीचा हा व्यवहार मुळातच नियम, आकडे आणि मुदतींनी बांधलेला आहे, आणि ‘कँडी क्रश’ने पाच जिवांच्या हिशेबात जे कसब खर्च केले त्याच्या निम्म्यातही तो पडद्यावर मांडता येईल.