आठ घरांच्या गावाची ओळ

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मंडळी, विषय ऐकून काहींना वाटलं असेल की तत्त्वज्ञानाचा मास्तर निवृत्तीनंतर कारकुनीकडे वळला. तसं नाही. आज आम्ही एका पुस्तकाची समीक्षा करणार आहोत, आणि ते पुस्तक आहे जालना जिल्ह्याची जनगणना पुस्तिका, २०११ ची. कादंबरीची समीक्षा होते, कवितासंग्रहाची होते. या पुस्तकाची कुणी करत नाही, कारण ते कुणी वाचतच नाही. ज्याला त्याला त्यात आपला आकडा तेवढा हवा असतो.

खरं तर आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक महसुली गावाला एक ओळ देणारं दुसरं पुस्तक आम्हाला माहीत नाही. जिल्ह्याची लोकसंख्या त्या साली १९,५९,०४६. त्यात जालना शहर आहे, आणि त्याच नियमाने, त्याच रकान्यांत, आठ-दहा घरांचं एखादं गावही आहे. जिथे आता कुणीच राहत नाही त्या बेचिराग गावालाही जागा आहे. बेचिराग हा शब्द आपल्याकडे निजामाच्या महसुलातून राहिला. जिथे दिवा लागत नाही ते गाव. दिवा न लागणाऱ्या गावाचंही नाव यादीत ठेवायचं, यात एक सभ्यता आहे आणि ती आम्ही मान्य करतो. समीक्षकाने आधी गुण सांगावेत म्हणून हे सांगितलं. आता तक्रारीकडे येऊ.

या आकड्यांचं एवढं काय, असं म्हणू नका. अंतरवाली सराटी आपल्याच अंबड तालुक्यात आहे. गेल्या काही वर्षांत निजामकाळातली गॅझेटं आणि जुन्या शिरगणतीचे आकडे माणसं हातात घेऊन फिरताना आपण पाहिली. शंभर वर्षांपूर्वी कुणा कारकुनाने लिहिलेली ओळ पणतवांच्या कामी तरी येते, नाही तर आडवी तरी येते.

जनगणना दोन खेपांत होते. आधी घरं मोजतात, मग माणसं. मागच्या वेळी घरयादी २०१० मध्ये झाली आणि माणसं ९ ते २८ फेब्रुवारी २०११ या काळात मोजली. घरयादीत भिंत कशाची, छप्पर कशाचं, जमीन सारवलेली की फरशीची, पाणी कुठून, दिवा कशावर, खोल्या किती, लग्न झालेली जोडपी किती, असं सगळं विचारलं. घराची अवस्था तीन शब्दांत: चांगलं, राहण्याजोगं, मोडकळीस आलेलं. गावनिहाय तक्ते निघाले तेव्हा ही माहिती टक्केवारीत छापली गेली.

इथे आमची पहिली हरकत आहे. समजा, गावात आठच कुटुंबं आहेत. मोडकळीस आलेली घरं साडेबारा टक्के, असं तक्ता सांगतो. साडेबारा टक्के म्हणजे एक घर! आणि ते कुणाचं, हे आठही घरांना ठाऊक असतं. वेशीपलीकडच्या एकट्या म्हातारीचं. जनगणना कायदा १९४८ चा आहे. त्याच्या १५ व्या कलमाप्रमाणे भरलेला फॉर्म कुणालाही पाहता येत नाही, कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाही. कायदा चांगलाच आहे. पण त्याने गुप्तता ठेवली आहे ती कागदाची. आठ घरांच्या गावात टक्केवारी हे नावच असतं, फक्त ते अपूर्णांकात लिहिलेलं असतं. मोठ्या गावात आकडा माणसाला झाकतो आणि लहान गावात तोच आकडा त्याला उघडं पाडतो. साधन एकच आणि परिणाम उलटे. आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही सांगायचो की सामान्य विधान आणि व्यक्तिविधान यांतला फरक विसरू नका. सांगताना हा तक्ता हाताशी असता तर बरं झालं असतं.

दुसरी गोष्ट घरांची. इथे आमचं मन जरा रेंगाळणार आहे, कारण आम्ही माळवदाच्या घरात वाढलो. दगडी भिंती, लाकडी सर, त्यावर चिल्हाटी आणि वर पांढऱ्या मातीचा थर. घर किती मोठं, तर इतक्या खणांचं. मेच्या उन्हातही आत झोप लागायची. आता जनगणनेची व्याख्या बघा. भिंत आणि छप्पर दोन्ही टिकाऊ वस्तूंचे असतील तर घर पक्कं. टिकाऊ वस्तूंच्या यादीत विटा, दगड, काँक्रीट आहेत, तसेच लोखंडी पत्रेही आहेत. मातीचं छप्पर टिकाऊ नाही. म्हणजे चार बाजूंनी पत्रे ठोकून वर पत्रा टाकला, तर ते पक्कं घर. आणि ज्यात तीन पिढ्या जन्मल्या ते माळवद काही पक्कं नाही. आपल्या बेचाळीस डिग्रीत दुपारी दोन वाजता त्या पक्क्या घरात जाऊन बसावं, मग टिकाऊ कोण ते कळेल. पत्रा की माणूस?

पण आम्ही इथे भावनेच्या भरात एक गोष्ट झाकणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मराठवाड्यातला कुठलाही माणूस विसरलेला नाही. किल्लारीला माणसं मेली ती याच जड छपरांखाली, दगडमातीच्या भिंतींखाली. त्यानंतर आमच्या घरातही माळवद उतरवून पत्रे टाकले. तेव्हा मातीचं छप्पर कच्चं म्हणणाऱ्याला आम्ही मूर्ख म्हणणार नाही. हरकत एवढीच की 'पक्कं' या एका शब्दात टिकणं, राहणं आणि जिवाला धोका नसणं हे तीन अर्थ कोंबले, आणि मग गावात पक्क्या घरांची टक्केवारी वाढली की त्याला प्रगती म्हटलं. वाढ खरी असेल, पण ती पत्र्यांची आहे.

आता उत्पन्न. गावाचा परिचय लिहायचा तर लोकसंख्या, घरं आणि उत्पन्न असे तीन पाय हवेत. अमेरिकेत पन्नास-शंभर वस्तीच्या खेड्याचाही उत्पन्नाचा आकडा छापतात, आणि त्याच्या शेजारी चुकीची शक्यताही छापतात. कधी कधी ती शक्यता आकड्याच्याच तोडीची निघते. हा प्रामाणिकपणा आम्हाला आवडतो. आपल्याकडे जनगणनेनंतर नमुना पडताळणी होते. २०११ च्या पडताळणीत देशभरात हजारी २३ माणसं सुटल्याचं निघालं. पण गावाच्या ओळीशेजारी ही शंका कुठेच छापलेली नसते. ओळ आपली ठाम.

उत्पन्नाचा प्रश्न मात्र आपल्या जनगणनेत नाहीच. तो आला २०११ साली सुरू झालेल्या सामाजिक, आर्थिक व जात पाहणीत. त्यात विचारलं गेलं की घरात सर्वांत जास्त कमावणाऱ्या माणसाचं महिन्याचं उत्पन्न किती: पाच हजारांच्या आत, पाच ते दहा, की दहा हजार आणि वर? जुलै २०१५ मध्ये आकडे आले तेव्हा ग्रामीण भारतातली सुमारे तीन चतुर्थांश कुटुंबं पहिल्या खणात होती.

हा प्रश्न मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड इकडच्या एखाद्या तांड्यावर नेऊन बघा. ऊसतोडीत मजुरी ठरते ती कोयत्यावर. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. तो तोडतो, ती मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहते. टनामागे मिळणारा पैसा दोघांचा मिळून. त्यातला जास्त कमावणारा कोण? गिल्बर्ट राईल या इंग्रज तत्त्वज्ञाने १९४९ साली एका प्रकारची चूक दाखवून दिली होती. सगळी कॉलेजं, ग्रंथालय, मैदान बघून झाल्यावर पाहुणा विचारतो, हे सगळं ठीक, पण विद्यापीठ कुठे आहे? हा प्रश्न तसलाच. जोडी ही कमावणारी वस्तू आहे, आणि फॉर्म जोडीतल्या एकाचं नाव मागतो. उत्तर म्हणून नवऱ्याचं नाव लागतं आणि बाई तक्त्यातून जाते.

'महिन्याचं' हा शब्द तर अजून अवघड. मुकादमाकडून उचल येते पावसाळ्यात. ती लग्नात, दवाखान्यात, बियाण्यात संपते. मग हंगामभर ती फेडायची. पैसा आधी खर्च झाला आणि काम नंतर. फिटली नाही तर बाकी पुढच्या सालावर. याला उत्पन्न म्हणायचं की कर्ज? दोन्ही म्हणावं लागतं, आणि फॉर्मवर दोन्हीसाठी जागा नाही.

आपल्याकडे उत्पन्न हा शब्द दाखल्याचा शब्द आहे, हेही मान्य करू. पिवळ्या रेशनकार्डाला वर्षाची मर्यादा पंधरा हजार होती. अन्नसुरक्षेच्या प्राधान्य यादीला ग्रामीण भागात चव्वेचाळीस हजार. शिष्यवृत्तीला वेगळी, वसतिगृहाला वेगळी. एकाच घराची दोन-तीन उत्पन्नं एकाच ट्रंकेत सुखाने नांदतात. लोक खोटं बोलतात असं म्हणायला सोपं आहे. पण मर्यादा आधी जाहीर करायची आणि उत्पन्न नंतर विचारायचं, अशी परीक्षा घेतली तर पेपर फुटणारच. त्याच पाहणीत मोटारसायकल असली की घर आपोआप वंचितांच्या यादीबाहेर गेलं. पोराने हप्त्यावर घेतलेली जुनी गाडी, आणि आईबापाचं घरकुल गेलं. घरकुलाच्या निकषांतून दुचाकी काढली ती २०२४ मध्ये.

आता मुख्य गोष्ट. आम्ही कॉलेजात लागण्याआधी काही वर्षं शाळामास्तर होतो आणि १९८१ च्या जनगणनेत प्रगणक म्हणून फिरलो. गंमत म्हणजे तेव्हा जालना जिल्हाच नव्हता. तो झाला १ मे १९८१ ला, मोजणी संपल्यावर दोन महिन्यांनी. फेब्रुवारीत एका तांड्यावर गेलो. निम्म्याहून जास्त घरांना कड्या, काहींना नुसती दोरी बांधलेली. एका दारात म्हातारी बसली होती, जवळ नात.

"आजी, घरात माणसं किती?"

"आत्ताची सांगू का दसऱ्याच्या आधीची?"

आम्ही नियम सांगायला लागलो. तिने मध्येच तोडलं, "मास्तर, आत्ता म्हणाल तर दोन. तेव्हा म्हणाल तर अकरा. तुम्हाला कोणती पाहिजेत ती लिहा."

नियम असा होता, आणि २०११ लाही तोच: माणूस जिथला रहिवासी आहे तिथे मोजणीच्या वीस दिवसांत कधीही हजर असेल तर तिथेच धरायचा. पूर्ण काळ बाहेर असेल तर जिथे सापडेल तिथे. म्हणजे त्या नऊ जणांना कुठल्या तरी कारखान्याच्या फडावर, पाचटाच्या कोपीत मोजायचं. तिथला प्रगणक कोपीपर्यंत गेला तर. आम्ही दोन लिहिले. नियमाप्रमाणे बरोबर लिहिले, आणि रात्री झोप लागली नाही, असं काही म्हणणार नाही. लागली. खंत पुढे बऱ्याच वर्षांनी आली, रस्त्याचे निकष वाचताना.

प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत सपाट भागातल्या वस्तीला बारमाही रस्ता मिळायचा तर लोकसंख्या पाचशे लागते. चौथ्या टप्प्यासाठी आधार आहे २०११ ची जनगणना. आता गाव उन्हाळ्यात साडेपाचशेचं आणि फेब्रुवारीत तीनशेचं असेल तर? रस्ता फेब्रुवारीच्या गावाला नाकारला जातो, आणि आषाढात बाळंतिणीला बाजेवर घालून न्यायची वेळ येते ती उन्हाळ्याच्या गावावर. घरयादीच्या वेळी दार उघडं, माणसांच्या मोजणीला दार बंद. एकाच पुस्तकात एकाच गावाची दोन गावं, आणि कुणी संपादक त्याकडे बोट दाखवत नाही. वर हा तांडा बहुतेकदा महसुली गावही नसतो. त्याची ओळ मूळ गावाच्या ओळीत विरघळलेली असते. जातीचे रकाने दोनच, अनुसूचित जाती आणि जमाती. बंजारा आपल्या राज्यात विमुक्त जातींत येतात, म्हणून त्या दोन रकान्यांत त्यांचं शून्य. तेलंगणात तोच समाज अनुसूचित जमातीत मोजला जातो.

आणि हे आकडे शिळे झाले तरी चुलीवरच आहेत. अन्नसुरक्षेत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातले ७६.३२ टक्के लोक धरायचे, पण ते २०११ च्या लोकसंख्येचे. इष्टांक भरला, आता कुणी मेलं किंवा कुणी कार्ड सोडलं तरच नवीन नाव, हे उत्तर तुमच्यापैकी किती जणांनी ऐकलंय, हात वर करा. बघा.

कडवंचीचं काय, असं आत्ता मागून कुणीतरी पुटपुटलं. कडवंची आम्हालाही प्रिय आहे. पाणलोटाचं काम, शेततळी, द्राक्षं, सगळं डोळ्यांनी पाहिलंय. पण ते गाव मोठं आहे, तिथे अभ्यासक जातात, त्याचं उत्पन्न मोजलं जातं आणि छापून येतं. आम्ही बोलतोय ते ज्याच्याकडे दर दहा वर्षांनी एकच माणूस एकच कागद घेऊन जातो त्या गावाबद्दल. आणि या वेळी तोही पंधरा-सोळा वर्षांनी येतोय.

पुढच्या मोजणीची संदर्भतारीख १ मार्च २०२७ आहे. म्हणजे माणसं पुन्हा फेब्रुवारीतच मोजणार, ऐन गाळपाच्या हंगामात. या वेळी जातही विचारणार. समोर बरेच शिक्षक बसले आहेत आणि हे काम तुमच्याच गळ्यात पडणार आहे. तर नियमपुस्तिका आली की हजर-गैरहजरीचं पान आधी वाचा. नियम मागच्यासारखाच राहिला, तर त्या वीस दिवसांत एखादा जण जत्रेला, मयतीला, पोराच्या आजारपणात एका रात्रीपुरता घरी आला तरी तो तुमच्या गावात धरायचा. कुलूप दिसलं म्हणून पुढे जाऊ नका, शेजारी विचारा, दुसऱ्या आठवड्यात परत जा. आणि कोल्हापूर-सांगलीकडे तुमचे कुणी शिक्षक मित्र असतील तर त्यांना फोन करून सांगा, फडावरच्या कोप्यांत जा म्हणावं.

आम्ही पाऊण तास घेतला. अजून शौचालयाच्या रकान्यावर बोलायचं होतं, ते राहू द्या. मागे चहा आलेला दिसतो. चहा घेऊ, मग प्रश्न.